एक शब्द, अनेक बिऱ्हाडे

एके दिवशी शेजारच्या काकू तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. महिनाभराचा खोकला, म्हणून थुंकी तपासायला दिली होती. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अरे, नेगेटिव्ह आलंय रे!" कागद वाचून मी म्हटले, "काकू, रडताय काय? थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, एवढाच याचा अर्थ. पुढचं डॉक्टर सांगतीलच."

काकूंचे तरी काय चुकले? 'नेगेटिव्ह विचार करू नये' असे घरात रोज कानावर पडते. तेव्हा नेगेटिव्ह म्हणजे वाईट, हे त्यांनी मनाशी धरले. तपासणीच्या कागदावर मात्र त्याचा अर्थ 'आढळले नाही' एवढाच असतो.

शाळेत आपण डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहून पाठ केले. एका शब्दाला एकच अर्थ, ही समजूत तिथेच पक्की झाली. पण आपल्या मराठीत तरी असे कुठे आहे? झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि पंगतीतले पान! "चला, पानं वाढली आहेत" असे ऐकल्यावर कोणी झाडाकडे पाहत नाही. इंग्रजीचेही तसेच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. ते पाठ कोण करणार?

मूळ अर्थ सापडला, की पुष्कळदा गाठ सुटते. 'स्प्रिंग'चा मूळ अर्थ उसळणे. जमिनीतून पाणी उसळते तो झरा, दाबून सोडली की उसळते ती घड्याळातली स्प्रिंग, आणि पालवी उसळून येते तो वसंत ऋतू. 'फाइन'चे मूळ लॅटिनमधल्या 'शेवट' या अर्थाच्या शब्दात आहे. शेवटास नेलेले, पूर्णत्वाला पोचलेले काम ते उत्तम. आणि पैसे भरून ज्याने प्रकरणाचा शेवट होतो तो दंड.

सगळीकडे मात्र असे नाते नसते. क्रिकेटची 'मॅच' जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आली, तर काडेपेटीतली 'मॅच' जुन्या फ्रेंचमधल्या वातीवरून. चेहरा सारखा, कुळे निराळी!

आणि हा घोटाळा इंग्रजी शिकणाऱ्यांचाच होतो असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग चर्चिलसाहेबांनी आपल्या युद्धेतिहासाच्या १९५० साली निघालेल्या खंडात सांगितला आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची बैठक चालली होती. ब्रिटिशांना एक तातडीचे टिपण 'टेबल' करायचे होते. ब्रिटनमध्ये याचा अर्थ चर्चेला घेणे, आणि अमेरिकेत बाजूला ठेवून देणे! बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग उमगले की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी, तरी ही गत!

मग करावे काय? शब्द एकटा पाहू नये, त्याचा शेजार पाहावा. दंडाच्या पावतीवरचा 'फाइन' शाबासकी देत नाही, हे पावतीच सांगते. आणि कागद औषधाचा, कोर्टाचा किंवा पैशाचा असेल, तर "इथे याचा अर्थ काय?" असे सरळ विचारावे. त्यात कमीपणा कसला? सेनापतींनी आधीच विचारले असते, तर त्यांचाही वाद वाचला असता.

काकू आता विचारतात. पुढच्या वेळी दवाखान्यातून आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, फाइन. मी लगेच विचारलं, बरी आहे म्हणून, की दंड भरू?"