नळीतला क्षार

पुष्कळांचा असा समज आहे की, रायफलीची नळी दारूच्या काजळीने गंजते. खरा चोर निराळाच आहे. ईशापूरच्या कारखान्यात घडलेली .३०३ घ्या, २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या मोठ्या स्थानकावर आपल्या पोलिसांच्या हाती हीच जातकुळी होती. तिच्या जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हा मिठाचाच भाऊबंद. नळीच्या आट्यांत बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो.

क्षार तेलात विरघळत नाही. नुसता तेलाचा हात फिरवणारा त्यावर पांघरूण घालतो, एवढेच. उकळते पाणी हवे. क्षार धुऊन निघतो आणि तापलेली नळी आपोआप सुकते. शिपायाला त्यासाठी वेळ न देता दुसऱ्या कामाला जुंपायचे व गंजाचा दंड त्याच्याच माथी मारायचा, हा हिशेब आम्हां गिरणीवाल्यांच्या ओळखीचा आहे!

आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहून बोल्ट काढावा, नसराळ्याने मागून पाणी ओतावे. मग दस्त्यातल्या खणातील पितळी वजनाची दोरी घेऊन, तिच्या फाशात फ्लॅनेलची पट्टी अडकवून, तोंडाकडे एका दमात सरळ ओढावी. दोरी कडेला घासली तर पोलादातही खाच पडते. विहिरीचा काठ पाहिलेल्यांना हे सांगायला नको. शेवटी पातळ तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

अलीकडच्या बहुतेक काडतुसांत हा क्षार नसतो; तेथे पाणी नको. मात्र पुढच्या नेमबाजीआधी तेल पुसून नळीतून उजेड पाहावाच. आत चिंधी राहिली असेल, तर पहिल्याच बाराला नळी फुगते.