ब्रेक लागतो, पण पुरता लागतो का?

कोल्हापूर : पन्हाळ्याचा उतार निम्मा संपत आला, की मागच्या ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जात असल्याचे ध्यानात येते, चाकाजवळून जळका वास येतो आणि पुढचे वळण मात्र जवळ येत असते. कोल्हापूरच्या अनेक दुचाकीस्वारांना हा अनुभव नवा नाही. शहरातील सपाट रस्त्यावर, चाळीसच्या वेगात, निम्मा झिजलेला ब्रेकही चालून जातो. तो उघडा पडतो तो जोतिबा, पन्हाळा, आंबा घाट किंवा गगनबावड्यापलीकडच्या करूळ घाटात. शिवाजी उद्यमनगरात कुशल मिस्त्रींची वाण नाही. परंतु ब्रेकमध्ये नेमके काय बिघडले आहे, हे ओळखण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे काम घराच्या अंगणातही होऊ शकते. त्यासाठी दोन-तीन पाने, पक्कड, पॉलिश पेपर, स्वच्छ कापड आणि तासाभराची सवड पुरते.

कोल्हापूरच्या हवामानाचा आणि रस्त्यांचा ब्रेकशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी व चिखल शिरतो, केबलला गंज चढतो. ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येते आणि तिची बारीक धूळ चाकात जाऊन बसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची इंजिने बहुतेकांनी आधी उघडून घेतली. ब्रेकच्या ड्रममध्ये आणि कॅलिपरमध्ये बसलेला गाळ मात्र अनेकदा तसाच राहून जातो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे दोन्ही ब्रेक उघडून साफ केल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये, हे येथे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

तपासणीची सुरुवात गाडी मधल्या स्टँडवर घेऊन करावी. मागचे चाक हाताने फिरवून सोडावे. ते मोकळेपणाने फिरत राहिले तर ठीक. घासत लवकर थांबले तर ब्रेक धरतो आहे. अर्थात चेनचा थोडा अडसर असतोच, तो हिशेबात धरावा. त्यानंतर पेडल हाताने दाबावे. ब्रेक धरू लागण्यापूर्वी पेडल जितके मोकळे खाली जाते, त्याला फ्री प्ले म्हणतात. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो; नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. तो जास्त असल्यास मागच्या रॉडच्या टोकाचा नट आवळावा, कमी असल्यास सैल करावा. अर्धा फेरा फिरवावा, पेडल दाबावे, चाक फिरवून पाहावे, पुन्हा अर्धा फेरा. घाई करून नट एकदम आवळला, तर ब्रेक सतत घासत राहतो, ड्रम तापतो आणि लायनर जळते.

येथे दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. चेन ताणून घेतली, की चाक मागे सरकते आणि ब्रेकचा रॉड आपोआप ताठ होतो. म्हणून चेनचे काम झाल्यावर ब्रेकचे माप पुन्हा घ्यावेच लागते. दुसरी गोष्ट ब्रेक दिव्याची. पेडलचे माप बदलले, की दिवा लागण्याची वेळही बदलते. दिवा उशिरा लागला, तर मागून येणाऱ्याला इशारा उशिरा मिळतो. स्विचचा नट फिरवून तो जुळवून घ्यावा.

नट आवळण्याला मर्यादा आहे. ब्रेक शूचे लायनर झिजत जाते, तसतसा ड्रमबाहेरचा लिव्हर अधिकाधिक फिरावा लागतो. अनेक गाड्यांत या लिव्हरपाशी एक छोटा बाण आणि ब्रेक प्लेटवर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला, की शू बदलण्याची वेळ झाली असे समजावे. काही जण लिव्हर काढून दातांवर एक घर मागे बसवतात आणि ब्रेक पुन्हा ‘नवा’ करून घेतात. ही युक्ती अत्यंत घातक आहे. त्यामुळे झीज लपते, इतकेच. शेवटी शूचे धातूचे अंग ड्रमला लागते आणि किरकोळ खर्चाच्या कामाऐवजी ड्रम खराव करून घ्यावा लागतो किंवा हबच बदलावा लागतो.

ड्रम उघडल्यावर आतील काळी धूळ तोंडाने फुंकू नये अथवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात जाणे धोक्याचे आहे. ओल्या कापडाने पुसून ते कापड टाकून द्यावे. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर ब्रेक दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही आणि किंचाळण्याचा आवाज येतो. पॉलिश पेपरने तो हलकासा खरवडावा. लायनर तेलकट झाले असेल तर मात्र शू टाकून द्यावेत. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून तेल पुरते निघत नाही. शू पसरवणाऱ्या कॅमला उष्णता सोसणारे ग्रीस अगदी नखभर लावावे. जास्त लावलेले ग्रीस तापून लायनरवर उतरते.

चाक परत बसवताना ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा, म्हणजे टॉर्क आर्मचा नट आणि त्यातील पिन विसरू नये. ही पट्टी सुटल्यास ब्रेक दाबताच संपूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच जाम होऊ शकते.

डिस्कचे तंत्र वेगळे
पुढच्या डिस्क ब्रेकला आवळण्याचा नट नसतो. पॅड झिजले, की कॅलिपरमधील पिस्टन तेवढा पुढे सरकतो. त्यामुळे हँडलवरील टाकीतील पातळी हळूहळू खाली जाते. पातळी उतरलेली दिसली, की वरून ऑईल ओतण्याआधी पॅडची जाडी आणि कुठे गळती आहे का, ते पाहावे. पॅडवरील खाचा पुसल्या गेल्या असतील, तर पॅड बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

लिव्हर दाबताना स्पंजासारखा मऊ लागला आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक झाला, तर नळीत हवा शिरली आहे. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत गेला, तर वरच्या मास्टर सिलिंडरचे रबर गेले असण्याची शक्यता अधिक. लिव्हर कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तेलकट वा गुळगुळीत झाले आहेत किंवा पिस्टन अडकला आहे. चेनला मारलेला तेलाचा फवारा मागच्या डिस्कवर उडणे, हे याचे नेहमीचे कारण आहे.

‘ब्रेक ऑईल’ या नावाने बरीच फसगत होते. बहुतेक गाड्यांत वापरले जाणारे हे द्रव मुळात तेल नव्हे. त्यात इंजिन ऑईलचा थेंब जरी पडला, तरी आतील रबरी सील फुगतात. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेले असते, तेच सीलबंद डब्यातून घ्यावे. हे द्रव हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळले, की नळीत वाफ होते आणि लिव्हर पोकळ जातो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. रंगावर सांडल्यास रंग उडतो, तेव्हा टाकीवर कापड अंथरावे.

हवा काढण्यासाठी कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवावे. लिव्हर काही वेळा दाबून तसाच धरावा, निपल थोडे उघडावे, बुडबुडे बाहेर आले की बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला, तर हवा उलट आत जाते. टाकी रिकामी पडू देऊ नये. नवे पॅड बसवल्यानंतर गाडी सुरू करण्यापूर्वी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहावे. अन्यथा पहिल्या वापरात ब्रेकच नसतो.

मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे सील आणि एबीएस यांना मात्र घरी हात लावू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना एबीएस अथवा जोडब्रेक सक्तीचा झाला. तेव्हापासूनच्या गाड्यांत पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांशी जोडलेले असू शकतात, आणि एक बाजू आवळल्यास दुसरीचे माप बिघडते.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, धावण्याच्या वेगात घ्यावी. नवे शू आणि पॅड जागेवर पुरते बसायला काही शे किलोमीटर जातात. तोवर गावातच गाडी चालवावी, जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा आणि गगनबावड्याचा बेत पुढच्या रविवारवर ढकलावा.