विश्लेषण : वाळीत टाकलेल्यांना मानवी हक्क आयोगाचा आधार किती?

मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, अलिबाग, रोहा... रायगडच्या किनारपट्टीतून आणि लगतच्या तालुक्यांतून 'गावकी'ने कुटुंब वाळीत टाकल्याच्या तक्रारी अनेक वर्षे येत आहेत. दुकानात सामान मिळत नाही, लग्नकार्याचे बोलावणे थांबते आणि बोलणाऱ्यालाही दंड ठोठावला जातो. अशा वेळी 'मानवी हक्क आयोगाकडे जा' असा सल्ला मिळतो. पण आयोगाचे अधिकार नेमके काय?

गावकीविरुद्ध थेट आयोगाकडे जाता येते का?
नाही. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ नुसार आयोग दोन बाबींची चौकशी करतो : सरकारी सेवकाने केलेले हक्कांचे उल्लंघन आणि असे उल्लंघन रोखण्यात त्याने केलेली हयगय. गावकीचे पंच सरकारी सेवक नाहीत. त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केलेला हा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग आयोगाचा संबंध कुठे येतो?
पोलिसांनी तक्रारच घेतली नाही, 'गावात मिटवा' म्हणून परत पाठवले, तर प्रश्न गावकीपुरता राहत नाही. ती सरकारी सेवकाची हयगय ठरू शकते आणि तिची चौकशी आयोग करू शकतो.

चौकशीत कोणते अधिकार असतात?
दिवाणी न्यायालयाचे. आयोग साक्षीदारांना समन्स काढू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो, कोणत्याही कार्यालयातून कागदपत्रे मागवू शकतो. तक्रार नसतानाही स्वतःहून दखल घेऊ शकतो.

दोष आढळला तर शिक्षा होते का?
आयोग शिक्षा देत नाही, शिफारस करतो. पीडिताला भरपाई द्या, दोषींवर खटला चालवा, तातडीची मदत द्या, असे तो सरकारला सांगू शकतो. सरकारने साधारण महिनाभरात आपले म्हणणे आणि केलेली कारवाई कळवायची असते. सरकार ढिम्म राहिले, तर आयोग उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. मणिपूरमधील कथित बनावट चकमकींच्या खटल्यात खुद्द राष्ट्रीय आयोगाने आपली अवस्था दात नसलेल्या वाघासारखी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. २०१७ च्या निकालात त्याचा उल्लेख आहे.

दिल्ली की मुंबई?
राष्ट्रीय आयोग दिल्लीत, तर २००१ पासून कार्यरत असलेला राज्य आयोग मुंबईत आहे. पोलिसांच्या हयगयीची तक्रार राज्य आयोगाकडेही करता येते. राज्य आयोगासमोर प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोग करत नाही. त्यामुळे एकच अर्ज दोन्हीकडे धाडून फायदा नाही.

तक्रार करताना काय लक्षात ठेवावे?
राष्ट्रीय आयोगाकडे शुल्क लागत नाही आणि तक्रार मराठीतही चालते. पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्तीही ती करू शकते. मात्र घटनेला एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. गावात समेट होईल या आशेवर थांबलेल्या कुटुंबांची वाट इथेच बंद होऊ शकते. म्हणून पोलीस ठाण्यात तोंडी गाऱ्हाणे न मांडता लेखी अर्ज द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी. पोलिसांना कधी कळवले आणि त्यानंतर किती दिवस काहीच झाले नाही, याचा पुरावा म्हणजे ती पोच.