पडद्यावरचा शून्य

हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे गॅस बँक असते. ओळीने जोडलेले सिलिंडर, आणि भिंतीवर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर एक डिटेक्टर. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून हा एवढा खाली. पडद्यावर ‘०’ दिसतो आणि सगळे निर्धास्त असतात. पण आतला सेन्सर मेलेला असला, तरी बहुतेक वेळा तिथे ‘०’च दिसतो. कॅलिब्रेशन करायचं ते यासाठी.

अशा डिटेक्टरमध्ये बहुधा पेलिस्टर असतो. प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं, त्यावर सिरॅमिकचा इवला मणी आणि मण्यावर उत्प्रेरक. विजेवर तो सुमारे ५०० अंशांपर्यंत तापतो. गॅस आला की मण्यावर ज्योतीवाचून जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा विद्युतरोध वाढतो. शेजारी उत्प्रेरक नसलेला जोडीदार मणी असतो. उन्हाळा-हिवाळा दोघांनाही सारखाच, त्यामुळे दोघांतला जो फरक उरतो तो गॅसचा.

हा फरक एलईएलच्या, म्हणजे गॅस पेटू शकेल अशा किमान प्रमाणाच्या, टक्क्यांत दाखवतात. मिथेन हवेत सुमारे ५ टक्के झाला की पेटू शकतो. तेच १०० टक्के एलईएल. एलपीजीला सुमारे २ टक्केच पुरतात.

आता प्रत्यक्ष काम. डिटेक्टर पुरेसा तापू द्यायचा आणि स्वच्छ हवेत झिरो लावायचा. आसपास गॅसचा अंशही असला तर तोच शून्य ठरतो आणि पुढचं प्रत्येक माप कमी येतं. शंका असेल तर बाटलीतली शुद्ध हवा द्यावी. मग स्पॅन. ठरावीक प्रवाहाचा रेग्युलेटर लावून, सेन्सरवर टोपी बसवून, माहीत असलेल्या प्रमाणाचा, बहुधा ५० टक्के एलईएलचा गॅस सोडायचा. आकडा स्थिर झाल्यावरच तो बाटलीवरच्या आकड्याशी जुळवायचा. बाटलीत उरलेला भाग हवेचा हवा, नायट्रोजनचा नको. ऑक्सिजनशिवाय मण्यावर काही जळणारच नाही. लायटरचा गॅस मारून बघण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. त्यातून माप कळत नाही, उलट इतक्या दाट गॅसने मणी बिघडू शकतो.

गॅस कोणता, हाही कळीचा प्रश्न. मिथेनवर लावलेला डिटेक्टर एलपीजी असताना खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून गॅस बँकेत प्रोपेन किंवा ब्युटेन वापरावा. सीएनजी असेल तिथे मात्र मिथेनच हवा, आणि त्याला कारण आहे. काचेच्या फटीत भरायचं सिलिकॉन, काही पॉलिश, काही स्प्रे यांच्या वाफा उत्प्रेरकावर बसतात आणि मणी हळूहळू निकामी होतो. मिथेन जाळायला सर्वांत अवघड, म्हणून मण्याची ताकद आधी तिथेच कमी पडते. प्रोपेनवर चाचणी घेतली तर असा सेन्सर ठणठणीत वाटतो.

जुळवण्याआधी दिसलेला आकडा वहीत लिहून ठेवावा. मागच्या वेळी ५० ऐवजी ४६, या वेळी ३८ आला असेल, तर आकडा ओढूनताणून ५० वर आणण्यापेक्षा नवा सेन्सर मागवावा.