भिवंडीचा वळसा

ठाण्याहून नाशिकाकडे जाणारा जुना आग्रा रस्ता कशेळी, काल्हेर, पूर्णा व अंजूरफाटा असा भिवंडीच्या ऐन वस्तींत शिरतो. यंत्रमागांच्या खडखडाटांतून लांब पल्ल्याचे ट्रक जाऊं लागले, म्हणजे गांवाला रस्ता पुरत नाहीं आणि रस्त्याला गांव आडवें येतें. त्यावर उपाय म्हणून गांवाबाहेरून वळसा काढावयाचा, ही रीत सर्व देशांत आहे. भिवंडीचा वळसा, ज्याला लोक बायपास म्हणतात, ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून खारेगांव, माणकोली, रांजनोली करीत, शहर डाव्या हातास ठेवून, वडप्याजवळ जुन्या रस्त्यास मिळतो. लांबी सुमारें 24 किलोमीटर. माणकोलीहून एक फांटा अंजूरफाटा व कामण ह्या मार्गें चिंचोटीस, म्हणजे अहमदाबादच्या रस्त्यास जातो. वाड्याकडील बाजू मात्र उघडीच राहिली. तेव्हां हें कडें नव्हे, विळा होय. आणि वाड्याहून कल्याणास निघालेल्या ट्रकची सरळ वाट अजूनही भिवंडीच्या पोटांतूनच जाते.

वळसा निघाला, मग कोंडी कां सुटत नाहीं? पहिलें कारण शहराच्या धंद्यांतच आहे. सूत येतें, सायझिंगमध्यें त्याला खळ लागते, बीम भरून टेंपोनें मागाच्या कारखान्यांत जातात, आणि विणलेलें कोरें कापड पुढील प्रक्रियेसाठीं पुन्हां बाहेर निघतें. ह्यांतील बऱ्याचशा खेपा गांवांतच सुरू होतात व गांवांतच संपतात. त्यांना बाहेरच्या रस्त्याचा उपयोग तो काय?

दुसरें कारण अधिक मौजेचें आहे. मुंबईच्या हद्दींत माल शिरतांच जकात द्यावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनीं हद्दीबाहेर, भिवंडीच्या आसपास, गोदामें बांधलीं. 1 जुलै 2017 रोजीं जकात गेली, गोदामें मात्र राहिलीं, कारण रस्ता हाताशीं होता. ज्या रस्त्यानें गांव टाळावयाचें, त्याच्याच कडेला नवें गांव येऊन बसलें. रांजनोलीस कल्याणचा रस्ता आडवा येतो. तेथील उड्डाणपूल सरळ जाणाऱ्यास वर उचलतो; वळावयाचें असलेला टेंपो खालींच अडकतो.

अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरानें आपल्या मध्यवस्तीभोवतीं खंदकासारखा खोल द्रुतमार्ग फिरविला. तो 1965 मध्यें पुरा झाला. पुढें त्यावर वाहनें थोडीं आणि त्यानें तोडलेली वस्ती मोठी, असें दिसून आलें. 2014 ते 2017 ह्या काळांत त्याचा पूर्वेकडील भाग भरून काढण्यांत आला, व तेथें साधा रस्ता आणि घरें झालीं. भिवंडीचें दुखणें ह्याच्या नेमकें उलट आहे. येथें वाहनांना तोटा नाहीं.

माजिवडा ते वडपे हा मार्ग आठपदरी करण्याचें काम 2021 मध्यें हातीं घेण्यांत आलें. त्यांत आठ पदरांपेक्षां दोन्ही बाजूंचे सेवारस्ते अधिक मोलाचे मानावे लागतील, कारण गोदामाच्या दारांत वळणारा ट्रक मुख्य रस्त्यावरून दूर होतो तो त्यांच्यामुळेंच. जून 2025 मध्यें समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपुराहून 701 किलोमीटर भरधांव आलेली गाडी आमणे येथें उतरते, आणि ठाण्यास जावयाचें तर वडप्याहून हाच वळसा धरते; त्याच वेळीं कडेच्या गोदामांतील हमाल पाळी संपवून रस्ता ओलांडण्यासाठीं उभे असतात.