पार्सर कॉम्बिनेटर: अपयशाला वाचा फुटली तेव्हा

सत्तरच्या दशकात पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्राम, लिहायचा तर याकसारखं टूल हाताशी लागे. व्याकरण वेगळ्या फाइलीत मांडायचं आणि त्यातून सी भाषेतला कोड तयार करून घ्यायचा. १९७५ साली विल्यम बर्ज यांनी आपल्या पुस्तकात दुसरी वाट दाखवली. पार्सर म्हणजे एक फंक्शन. छोटे पार्सर जोडून मोठा बांधायचा. हे जोडकाम करणारी फंक्शन्स म्हणजे कॉम्बिनेटर. ही मूळ कल्पना आजही तशीच आहे. बदलत गेला तो अपयशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन.

१९८५ मध्ये फिलिप वॉडलर यांनी पार्सरला यशांची यादी परत करायला लावलं. ‘१२+३’ दिलं की संख्येचा पार्सर दोन उत्तरं देतो: बारा, उरलं ‘+३’, किंवा एक, उरलं ‘२+३’. काहीच जमलं नाही तर यादी रिकामी. ‘हे किंवा ते’ म्हणजे दोन याद्या एकापुढे एक जोडणं, बस्स! इतकी नितळ मांडणी क्वचितच सापडते. पण रिकामी यादी मुकी असते. चूक कुठे झाली, ते ती सांगत नाही.

१९९६ मध्ये ग्रॅहम हटन आणि एरिक मायर यांनी हीच मांडणी मोनॅडच्या, म्हणजे एकामागून एक पायऱ्या जोडण्याच्या, चौकटीत बसवली. आधीचा निकाल पाहून पुढचा पार्सर ठरवणं त्यामुळे सहज लिहिता येऊ लागलं.

अपयशाला वाचा फुटली ती २००१ च्या सुमारास, डान लायेन यांच्या पार्सेक या लायब्ररीमुळे. कुठल्या ओळीत, कितव्या अक्षरावर अडलं आणि तिथे काय अपेक्षित होतं, हे तो सांगू लागला. त्यासाठी त्याने एक कडक नियम घातला: एक अक्षर जरी खाल्लं, तरी दुसरा पर्याय बंद. समजा ‘जर’ किंवा ‘जमा’ चालतं आणि इनपुट आहे ‘जमा’. ‘जर’चा पार्सर ‘ज’ खाऊन अडतो आणि ‘जमा’ची पाळी येतच नाही. ती यावी म्हणून पहिल्या पर्यायाला ‘ट्राय’ (अडल्यास मागे फिरण्याची मुभा) लावावा लागतो. नवशिके इथे हमखास अडखळतात. पण याच नियमामुळे मागचं इनपुट मेमरीत धरून ठेवावं लागत नाही आणि चुकीची जागाही नेमकी कळते.

आज अशा तयार लायब्ररी आहेत: रस्टमध्ये नॉम, एफ-शार्पमध्ये एफपार्सेक. तरी शिकणाऱ्याने आधी वॉडलर यांचा यादीवाला पार्सर स्वतःच्या हाताने लिहावा आणि तो कुठे गप्प बसतो ते पाहावं. मग पार्सेकचा नियम पाठ करावा लागत नाही, त्यामागचं कारणच उमगतं.