खुनछ्यू : एका नाट्यकलेची गुरुपरंपरा

चिनी संगीतनाटक म्हटले की आपल्यापुढे पेकिंगची रंगभूमीच उभी राहते. परंतु त्या विशाल देशात प्रांतोप्रांतीच्या बोली व चाली यांना अनुसरून नाट्याचे शेकडो प्रकार नांदत आले आहेत. सुचौ नगरीच्या परिसरातील ‘खुनछ्यू’ हा त्यांतील अत्यंत जुन्या प्रकारांपैकी एक होय.

सोळाव्या शतकात वेइ लिआंगफू या संगीतज्ञाने खुनशान येथील स्थानिक चालींवर संस्कार करून ही संथ, नाजूक गायकी घडविली. आडव्या बासरीची साथ हे तिचे प्रमुख लक्षण. नाटककाराने पूर्वसिद्ध चालींच्या साच्यात शब्द बसवावयाचे, हा तिचा दंडक. साकी-दिंडीशी परिचित असलेल्या मराठी रसिकास ही रीत परकी वाटू नये. थांग शिआनत्सू याचे १५९८ मधील ‘पिओनी पुष्पांचा मंडप’ हे पंचावन्न प्रवेशांचे नाटक या परंपरेचे भूषण मानले जाते.

तथापि येथे पद नुसते गावयाचे नसते. शब्दागणिक दृष्टी, पाऊल आणि लांब बाही यांची हालचाल ठरलेली असते. शब्द छापता येतात. हे अंग मात्र गुरूपासून शिष्याकडेच जाते. एकोणिसाव्या शतकात थायफिंग बंडाने सुचौचा प्रदेश उद्ध्वस्त झाला, पेकिंगच्या नाटकाने प्रेक्षक ओढून घेतले आणि ही परंपरा तुटण्याच्या बेतास आली.

तेव्हा १९२१ साली सुचौच्या काही रसिकांनी एक नाट्यशाळा काढली. वृद्ध नटांनी तेथे मुलांना शिकविले. प्रत्येक मुलाच्या रंगभूमीवरील नावात ‘छुआन’, म्हणजे ‘पुढे पोचविणे’, हे अक्षर घातले गेले. त्यापुढील अक्षरातही भूमिकेची खूण होती : तरुण नायकास रत्नाची, विदूषकास जलाची.

१९५६ साली ‘नाण्यांच्या पंधरा माळा’ हे जुने नाटक नव्याने संपादित होऊन पेकिंगमध्ये गाजले. त्यातील न्यायनिष्ठ अधिकारी चौ छुआनयिंग यांनी आणि चोर वांग छुआनसुंग यांनी रंगविला. दोघेही त्याच शाळेचे विद्यार्थी. ‘एका नाटकाने एक नाट्यप्रकार तारला’ असा अभिप्राय १८ मे १९५६ रोजी तेथील ‘पीपल्स डेली’ या पत्राने व्यक्त केला. हे बोलणे खरे, पण अपुरे आहे. पस्तीस वर्षांपूर्वी ती शाळा निघाली नसती, तर ते नाटक करावयास नट कोठून आले असते?

पुढे १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत या कलेवर पुन्हा गदा आली. तरीही ती टिकली, आणि १८ मे २००१ रोजी युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरव केला. आपल्या केरळातील कूडियाट्टम् या संस्कृत नाट्यपरंपरेलाही तो मान त्याच वेळी लाभला. २००४ साली तरुण नटांनी ‘पिओनी पुष्पांचा मंडप’ तीन रात्रींत सादर केले. त्यातील नायकाचे गुरू वांग श्रयू हे चौ छुआनयिंग यांचे शिष्य. १९२१ मधील एका मुलाने घेतलेली विद्या अशी तिसऱ्या पिढीच्या हाती पोचली.

ग्रंथ कला जतन करतात; तिला जिवंत ठेवतो तो शिक्षक. आपल्या संस्थांनी ग्रंथांबरोबर शिष्यही सांभाळावेत, हाच या कथेचा बोध आहे.